कॅसेटचा वेग सुधारा, आजोबांचा सूर नको

जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम मी हौसेनं करतो. भजनं, कीर्तनं, कुणाच्या तरी आत्याची मंगळागौरीची गाणी. हल्ली त्यासोबत एक फर्माईश हमखास येते: "दादा, जमलं तर आजोबांचा सूरही जरा नीट करून द्या ना, सॉफ्टवेअरनं होतं म्हणे." होतं. पण मी करून देत नाही. का, ते इथेच एकदा लिहून टाकतो, म्हणजे दर वेळी फोनवर वाद नको.

आधी जे करायलाच हवं ते. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. देवळात टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा आणि सेल उतरले की मोटर मंदावायची. असं मंद वेगात भरलेलं रेकॉर्डिंग आज योग्य वेगानं लावलं की बुवा गाडी चुकेल अशा घाईत गातात आणि आवाज चिरका येतो. इथे बरेच जण ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या ध्वनी-सॉफ्टवेअरमधलं 'चेंज पिच' वापरतात. त्यानं पट्टी उतरते, पण लय तशीच धावत राहते. फितीच्या वेगानं सूर आणि लय दोन्ही मिळून बिघडवलेले असतात, म्हणून 'चेंज स्पीड'च हवं (नव्या आवृत्तीत त्याचं नाव 'चेंज स्पीड अँड पिच').

किती बदलायचं हे कानाच्या अंदाजानं ठरवू नका. लाऊडस्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरची घरघर बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये उतरलेली असते आणि आपली वीज ५० हर्ट्झची. दोन अभंगांमधली शांत जागा निवडा, ऑडॅसिटीतला 'प्लॉट स्पेक्ट्रम' हा कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख उघडा, साइझ मोठी ठेवा. घरघरीचं टोक ५० ऐवजी ५३ वर दिसलं तर वेग साधारण ५.७ टक्क्यांनी कमी करायचा. एवढ्याशा फरकानं काळी एकमध्ये गायलेला अभंग पेटीवरच्या शेजारच्या पांढरी दोनमध्ये गेलेला असतो! फितीच्या शेवटाकडे सेल आणखी उतरलेले, त्यामुळे तिथे पुन्हा मोजावं लागतं. किचकट काम आहे, पण वेग जागेवर आला की नुसती पट्टी नाही, आवाजातला भरदारपणाही परत येतो. नातवंडं लगेच म्हणतात, "हां, हे आजोबा."

इथवर आपण मशीननं केलेली चूक निस्तरली. 'सूर नीट करा' म्हणजे मात्र गाणाऱ्यालाच दुरुस्त करणं.

सूर आपोआप दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीतून परतणाऱ्या लहरींचं गणित करत होते. लगेच १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये ते मुद्दाम टोकाला नेऊन वापरलं गेलं आणि तो यंत्रासारखा आवाज जगभर गाजला. तिथे तो शोभलाही. पण नेहमीच्या सेटिंगमध्ये हे सॉफ्टवेअर प्रत्येक सूर कीबोर्डच्या बारा पट्ट्यांकडे ओढतं. तंबोऱ्याच्या खरजातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर (कीबोर्डच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट). कीबोर्डचा ४०० वर. तंबोऱ्यात मुरलेल्या गळ्याचा गंधार सॉफ्टवेअरला 'उतरलेला' दिसतो आणि ते तो वर ढकलतं. म्हणजे सुरात असलेल्या माणसाला बेसूर करून वर 'करेक्शन' म्हणायचं! मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाण्याचं, तर विचारूच नका, घसरगुंडीच्या जागी जिना होतो.

"अहो, पण पेटीही तशीच असते की." असते. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यात हाही वाद होताच. पण पेटी निदान बाजूला बसून वाजते, गाणाऱ्याचा गळा धरून त्याला आपल्या पट्टीवर आणून बसवत नाही.

आज गाणारा माणूस समोर बसलेला असेल, एक सूर निसटला असेल आणि त्याचीच इच्छा असेल, तर मेलोडाइन या एकेक सूर सुटा बदलू देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच सूर हातानं सरकवायला माझी काही हरकत नाही. आजोबांना आता कोण विचारणार? शिवाय खरंच बेसूर गात असतील तर गात असतील. पहाटेच्या काकडआरतीला कोण रियाज करून उभा राहतो?

तर माझ्याकडून दोन फाइल मिळतील. एक जशीच्या तशी उतरवलेली, दुसरी वेग सुधारलेली. पहिली पुसू नका, उद्या कुणी माझ्यापेक्षा चांगलं मोजेल. कॅसेट पाठवताना त्या गाण्याला साथ केलेली पेटी अजून घरात असेल तर तेवढं कळवा, तिचा षड्ज फोनवर रेकॉर्ड करून पाठवला तर ताडून बघायला सोपं जातं.