शरदात सबब चालत नाही

वर्षातले तीन ऋतू असे असतात की समुद्रकिनाऱ्यावरून रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाला कोणी फारसे काही विचारत नाही. हिवाळ्यात मासे खोल पाण्यात गेलेले असतात, वसंतात ते अजून परतलेले नसतात आणि भर उन्हाळ्याच्या लख्ख उजेडात ते उथळ पाण्यात कशाला येतील, असे म्हणून वेळ मारून नेता येते. शरदाचे तसे नाही. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात गळ टाकणाऱ्यांच्या जगात हा सुगीचा ऋतू मानला जातो, आणि ऐन सुगीत ज्याच्या पदरात काही पडत नाही त्याच्याकडे लोक ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेची मला आता चांगली ओळख झाली आहे.

या सुगीला शास्त्राचा भक्कम आधार आहे, हीच खरी अडचण. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्र दोन्ही बाबतींत आळशी. त्यामुळे उत्तर गोलार्धात समुद्राचे पाणी सर्वांत उबदार असते ते ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे किनाऱ्यावरची माणसे स्वेटर शोधायला लागतात त्या सुमारास. पुढे पाणी हळूहळू निवू लागले आणि दिवस आखडू लागला, की उन्हाळाभर खाड्यांत आणि नदीमुखांत वाढलेली छोट्या माशांची पिढी बाहेर पडते, किनाऱ्याला घसटून चालू लागते आणि तिच्या मागावर मोठे मासे येतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्याने बोय माशांचे थवेच्या थवे दक्षिणेकडे निघतात. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा स्ट्राइप्ड बास त्याच दिशेची वाट धरतो आणि वाटेत भेटेल ते गिळत जातो. युरोपातला सी बास हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी खोल पाण्यात जाण्यापूर्वी किनाऱ्यालगत पोट भरून घेतो. थोडक्यात, मासे आहेत, भुकेले आहेत आणि माणसाने फेकलेला गळ पोहोचेल इतक्या अंतरावर आहेत. इतके झाल्यावरही गळाला काही लागत नसेल तर खोट कुठे आहे, हे सांगायला तज्ज्ञ बोलवावा लागत नाही.

म्हणून शरदातला माझा बराचसा उद्योग मासे शोधण्याचा नसून सबबी शोधण्याचा असतो, आणि त्यात माझा हात चांगला बसला आहे.

सर्वांत भारदस्त सबब भरती-ओहोटीची, कारण ती आकड्यांत मांडता येते आणि आकडे ऐकले की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. शिवाय पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. चढण्याच्या सहा तासांचा ढोबळ हिशेब असा, की एकूण पाण्याचा बारावा हिस्सा पहिल्या तासात, दोन हिस्से दुसऱ्यात, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, आणि मग उतरत्या क्रमाने दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धे पाणी येऊन जाते. मोठे मासे या वाहत्या पाण्याच्या तोंडाशी उभे राहून आयते खाणे टिपतात, आणि पाणी थबकले की त्यांचाही उत्साह मावळतो. आता हे मधले दोन तास, उजाडतानाचा किंवा मावळतानाचा अंधूक उजेड आणि माझी सुट्टी, हे तिन्ही ग्रह एका राशीला यावे लागतात. ते क्वचित येतात, आणि येतात त्याच दिवशी कोणाच्या तरी लग्नाला जाणे टाळता येण्यासारखे नसते.

सुट्टी नसताना लवकर निघण्याचा प्रयत्नही मी करून पाहिला आहे. "साहेब, आज संध्याकाळी भरती आहे, जरा लवकर निघू का?" असे मी अदबीने विचारले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "अहो, आपल्याकडे भरती कधीपासून बंद आहे."

त्यात २२-२३ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र समान होतात, आणि त्या सुमाराच्या अमावास्या-पौर्णिमेला वर्षातली मोठी उधाणे येतात. पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि नेहमीपेक्षा खाली जाते. माझा लाडका खडक मी या दिवसांत पूर्ण बुडालेला पाहिला आहे आणि चहूबाजूंनी उघडा पडलेलाही पाहिला आहे. त्याच्या गुडघ्याएवढे पाणी, जे मला हवे असते, ते बहुधा मी रस्त्यात असताना येऊन जाते.

भरती पुरेनाशी झाली की चंद्राला हाताशी धरावे. १९२६ मध्ये जॉन आल्डन नाइट या अमेरिकन गृहस्थाने असा सिद्धान्त मांडला, की चंद्र माथ्यावर असताना आणि पृथ्वीच्या बरोबर पलीकडे असताना मासे अधिक खातात, आणि चंद्र उगवताना-मावळतानाही खातात, पण त्याहून थोडे कमी. त्याचे तक्ते आजही निघतात. दिवसाला चार मुहूर्त असलेले हे पंचांग मला फार उपयोगी पडते. मुहूर्त टळल्यावर गेलो तर मुहूर्त टळला म्हणून मासा नाही, मुहूर्तावर गेलो तर वारा होता म्हणून नाही. वाऱ्यासाठी ब्यूफोर्टची शून्य ते बारा अशी मोजपट्टी १८०५ पासून तयारच आहे. चारपर्यंतच्या वाऱ्यात गळ बरा जातो. पाचच्या वाऱ्यात दोराचे धनुष्य होते आणि आपण समुद्राच्या दिशेने फेकलेली वस्तू शेजाऱ्याच्या दिशेने उतरते. शेजारी रागावला तर त्याला ब्यूफोर्ट सांगू नये, हे मात्र अनुभवाचे बोल.

साधनांकडे बोट दाखवण्याची सोय दुर्दैवाने राहिलेली नाही. ओकिनावातल्या साकितारी गुहेत समुद्री गोगलगाईच्या शंखापासून घडवलेले सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे गळ सापडले आहेत. ज्याने ते घासून घासून घडवले, त्याच्याजवळ कार्बन फायबरचा रॉड नव्हता, बेअरिंगवर फिरणारे रील नव्हते आणि खऱ्या माशापेक्षा देखणे ल्यूर, म्हणजे खोटे आमिष, तर नव्हतेच. माझ्याकडे हे सगळे आहे. दोराच्या टोकाला, गळाच्या आधी, मी फ्लुरोकार्बनच्या धाग्याचा एक तुकडा, म्हणजे लीडर, बांधतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि फ्लुरोकार्बनचा १.४२, म्हणजे साध्या नायलॉनपेक्षा पाण्याच्या जवळचा. तो पाण्यात माशाला सहज दिसत नाही, असे म्हणतात. मावळत्या उजेडात तो गळाच्या नेढ्यातून ओवताना मलाही दिसत नाही. या बाबतीत मासा आणि मी एकाच पातळीवर आहोत, फक्त त्याला चाळिशीचा चष्मा लागत नाही.

परंतु भरती, चंद्र, वारा हे सारे सहन करता येते. शरदातले खरे संकट पायी येते.

हवा आल्हाददायक होते, उन्हाळ्यातली गर्दी ओसरते, आणि मोकळा किनारा पाहून फिरायला येणाऱ्या मंडळींचा ओघ सुरू होतो. त्यांतल्या प्रत्येकाला गळ टाकून उभा असलेला माणूस दिसला की एकच प्रश्न सुचतो: "काय, काही मिळालं का?" उत्तराची वाट न पाहता प्रश्नकर्ता बादलीत डोकावतो. बादलीत माझा थर्मास असतो. थर्मासकडे तो इतका वेळ निरखून पाहतो, की जणू त्याच्या आडोशाला एखादा मासा दडला असावा. मग माझ्याकडे पाहतो, मग समुद्राकडे पाहतो आणि या तिघांमधून दोषी कोण ते मनाशी ठरवून पुढे जातो. परतीच्या वाटेवर तो पुन्हा तोच प्रश्न विचारतो, पण आता आवाजात आस्था असते, आणि ती अधिक झोंबते.

काही जण थांबतात. एक निवृत्त गृहस्थ तर माझ्या भरतीच्या वेळा माझ्यापेक्षा चोख पाळतात. ते हात मागे बांधून उभे राहतात आणि दहा-बारा वेळा गळ टाकून झाल्यावर म्हणतात, "जरा डावीकडे टाकून बघा." मी डावीकडे टाकतो. थोड्या वेळाने ते म्हणतात, "मघाशी उजवीकडे हालचाल दिसली होती बरं का." माशांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक पार्श्वरेषा असते, तिच्यामुळे त्यांना पाण्यातली बारीकशी थरथरही जाणवते, म्हणून खडकावर पाय आपटू नयेत, असे मी त्यांना सौम्यपणे समजावून सांगितले. त्यांनी ते मन लावून ऐकले आणि तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला ते खणखणीत आवाजात सांगतात, "हळू या, साहेबांचे मासे पळतात!"

मी झाकणाची बादली घेतली. त्यामुळे झाले इतकेच, की लोक आता "बघू का?" असे विचारून झाकण उचलतात.

या सगळ्यात एखादी संध्याकाळ अशी उगवते, की ग्रह खरोखरच जुळतात. अशीच एक संध्याकाळ माझ्या नशिबी आली. पाणी चढत होते, उजेड उतरत होता आणि वारा जेमतेम तीनचा होता. मी गळ टाकला, तो निम्म्या वाटेवर अचानक थांबला आणि पाण्यात धप्पकन पडला. रॉडच्या पहिल्या कडीत गुंता अडकला होता. ब्रेडेड दोर केसासारखा मऊ आणि हलका; रीलवर एखादा वेढा सैल बसला, की पुढच्या फेकीत तो मागचे चार वेढे सोबत घेऊन बाहेर पडतो आणि वाऱ्याच्या एका झुळकेत सर्वांची मोट बांधली जाते. या गुंत्याचा नियम असा, की तो ओढायचा नाही, फुलवायचा. एकेक फास टाचणीच्या टोकाने बाहेर काढायचा, कोणता फास कोणाच्या पोटातून गेला आहे ते पाहायचे आणि बोटे गारठलेली असली तरी घाई करायची नाही. हेडलॅम्पच्या उजेडात मी टाचणी घेऊन बसलो, आणि नेमका तेव्हाच समोरचा समुद्र उकळू लागला.

हे दृश्य मी आजवर ऐकूनच होतो. आधी पाण्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी थरथर उठली, मग छोट्या माशांचा एक चंदेरी पंखाच पाण्याबाहेर उघडला आणि मिटला. त्यांच्याखालून मोठ्या माशांच्या पाठी वर येत होत्या. वरून समुद्रपक्षी कर्कश ओरडत सूर मारत होते. पळता भुई थोडी झालेले काही मासे तर लाटेबरोबर वाळूवर येऊन माझ्या बुटांपाशी तडफडू लागले. मोठे मासे माझ्यापासून पंधरा पावलांवर होते. तिथे गळ टाकायला रॉडचीही गरज नव्हती. दोर कापून नवा लीडर बांधावा, तर त्या गाठीत दोराचे वीसेक वेढे एकाआड एक बाजूने घट्ट बसवावे लागतात. गुंता सोडवावा, तर अजून तीन फास बाकी होते. "अहो, टाका ना आता!" मागे निवृत्त गृहस्थ कळवळून ओरडले. मी त्यांना गुंता दाखवला. ते खाली वाकले, त्यांनीही चष्मा लावला, आणि समोर वर्षातली सर्वांत मोठी पंगत उठत असताना आम्ही दोघे चाळिशी उलटलेले पुरुष एका दोऱ्याच्या फासाला टाचणीने कोरत बसलो. शेवटचा फास सुटला तेव्हा पक्षी दूरच्या टोकाला गेले होते आणि माझ्यासमोरचे पाणी एखाद्या सभ्य माणसाप्रमाणे शांत झाले होते.

त्या रात्री घरी परतून मी नेहमीप्रमाणे न्हाणीघरात रॉड आणि रील गोड्या पाण्याने धूत बसलो, कारण खारे पाणी धातूला सोडत नाही आणि एक रात्रही कंटाळा केला तर रील दळणाच्या चक्कीसारखे वाजू लागते. बायको दाराशी येऊन म्हणाली, "अहो, मासा नाही आणला तरी चालेल, पण निदान वाळू तरी आणू नका." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणून मला त्यावर ब्यूफोर्टही सांगता आला नाही.

त्यानंतर वादळ होऊन गेले, आणि वादळानंतरच्या पाण्यात उपटलेले शैवाल इतके असते, की प्रत्येक फेकीला गळावर हिरवी दाढी येते. ती काढायची, पुन्हा टाकायचे, पुन्हा काढायची. असाच एकदा दाढी आली असे समजून मी रील फिरवू लागलो, तर दाढीने उलट दिशेने ओढ घेतली. रीलचा ब्रेक कर्रर्र करून बोलला, रॉड वाकला आणि बऱ्याच झटापटीनंतर लाटेच्या पांढऱ्या फेसातून एक बास वाळूवर आला. पाठ काळसर, कुशी चांदीच्या, कल्ल्याजवळ गळ अगदी जबड्याच्या कोपऱ्यात बसलेला. मी किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना पाहिले. एकही माणूस नव्हता. हळू या म्हणून सांगायलासुद्धा कोणी नव्हते.

मी टेप काढून मासा मोजला. ठेवण्यासाठी किमान जी लांबी लागते तिला तो दोन बोटे कमी होता. तोंड मिटून, शेपटी चिमटीत धरून मोजला, तरी तो वाढेना. नियम असा, की असा मासा सोडायचा, आणि सोडतानाही हात ओले करून धरायचा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघत नाही. मी हात ओले केले, त्याला पाण्यात धरले. दोनदा कल्ले हलवून त्याने शेपटीचा एक फटकारा माझ्या चष्म्यावर मारला आणि तो गेला. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवतो तोच मागून पावले वाजली.

"काय, काही मिळालं का?" असे विचारत निवृत्त गृहस्थांनी झाकण उचलले.

"मिळाला होता. बास. चांगला हातभर होता. आताच सोडला."

त्यांनी ओल्या वाळूकडे पाहिले, माझ्या ओल्या हातांकडे पाहिले आणि थर्मासवर पुन्हा झाकण ठेवले.

"हो का," ते म्हणाले. "आमचे मेहुणेही सोडूनच देतात."