आठवडाभरात खड्डे सपाट होत नाहीत

लग्नसराई जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘लग्नाच्या आठवडाभर आधी लेझरचं एक सिटिंग घ्या. जखम होत नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येतं. मुरमांचे खड्डे सपाट, रंग कायमचा उजळ. आपल्या सावळ्या त्वचेला निसर्गानंच संरक्षण दिलंय, त्यामुळे साइड इफेक्ट नाहीत. नंतर कोरफड-हळद लावा आणि खपल्या लवकर काढा.’ सोबत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो, दोन्ही वेगवेगळ्या उजेडात काढलेले. लेझरनं मुरमांचे व्रण कमी होतात हे खरं आहे आणि त्यासाठी तो वापरावाही. पण हा मेसेज जसा सांगतो तसं त्यातलं जवळजवळ काहीच घडत नाही.

‘जखम होत नाही.’

बाकीच्या सगळ्या थापा याच एका थापेवर उभ्या आहेत. स्किन रिसर्फेसिंग, म्हणजे व्रणांसाठी लेझरनं त्वचा सोलणं, ही ठरवून, मोजून केलेली जखमच आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, म्हणजे तो अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. तो पाण्यात शोषला जातो आणि त्वचेच्या पेशीत तर पाणीच पाणी. ते क्षणात उकळतं, पेशीची वाफ होते, शेजारच्या थराला चटका बसतो. अर्बियम यॅग लेझर २,९४० नॅनोमीटरचा. तो पाण्यात त्याहून कितीतरी जास्त शोषला जातो, म्हणून वरवर सोलतो आणि आजूबाजूला कमी भाजतो. मशीनचं काम इथे संपलं. पुढचं सगळं शरीर करतं. केसांच्या मुळांतून आणि तैलग्रंथींतून नव्या पेशी वर येऊन उघडी जागा झाकतात, आणि खालच्या थरात जुनं, भाजलेलं कोलॅजेन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) काढून नवं तयार होत राहतं. चेहऱ्यावर या ग्रंथी दाट असल्यानं चेहरा लवकर भरतो. मानेवर त्या विरळ असतात, म्हणून चेहऱ्याचीच ताकद मानेवर वापरली तर व्रण राहू शकतो. ‘फुल फेस प्लस नेक’ असं पॅकेज कुणी पुढे केलं, तर मानेसाठी ऊर्जा किती कमी करणार हे विचारायला लाजू नये.

(हा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये तयार करणारे कुमार पटेल जन्मले बारामतीत आणि इंजिनिअर झाले पुण्यात. चेहरे सोलण्याचा विचार तेव्हा त्यांच्या मनात नसावा.)

‘दुसऱ्या दिवशी ऑफिस.’

कुठल्या लेझरनंतर? जाहिरातीत सगळ्यालाच ‘लेझर’ म्हणतात. कार्बन पील नावाचा जो प्रकार सलूनच्या पाटीवरही दिसतो, त्यानंतर दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येतं, कारण त्यात त्वचा सोलली जातच नाही. म्हणूनच त्यानं खोल खड्डेही भरत नाहीत. खड्ड्यांसाठी आज बहुतेक ठिकाणी फ्रॅक्शनल लेझर वापरतात. ही कल्पना २००४ मध्ये मांडली गेली: सगळी त्वचा सोलण्याऐवजी सूक्ष्म छिद्रांची जाळी पाडायची आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची, म्हणजे तिच्यातून जखम लवकर भरते.

लवकर म्हणजे किती, ते पाहा. आधी पाऊण ते एक तास बधिर करणारं क्रीम लावतात. तरीही नंतर काही तास चेहऱ्याची चांगलीच आग होते. पहिल्या एक-दोन दिवसांत पाण्यासारखा स्राव पाझरतो, सूज चढते, डोळ्यांभोवती जास्तच. मग चेहऱ्यावर बारीक तपकिरी ठिपक्यांची जाळी दिसायला लागते आणि हात फिरवला तर कातडी खरखरीत लागते. हे ठिपके गळून पडायला साधारण पाच ते सात दिवस जातात. लाली त्यानंतरही काही आठवडे राहू शकते. जुन्या पद्धतीनं पूर्ण थर सोलला तर उघडी जागा झाकली जायलाच एक-दोन आठवडे लागतात आणि लाली महिनोन्‌महिने टिकते. ही पद्धत आपल्याकडच्या त्वचेवर डॉक्टर सहसा टाळतात.

‘एका सिटिंगमध्ये सपाट.’

खड्डे सगळे एका जातीचे नसतात. सुईनं टोचल्यासारखे अरुंद आणि खोल खड्डे एकट्या लेझरला फारशी दाद देत नाहीत. त्यांच्या तळाशी टीसीए नावाचं आम्ल थेंबाथेंबानं लावतात. ज्यांचा तळ खालच्या तंतूंनी ओढून धरलेला असतो, त्यांचे तंतू आधी सुईनं सोडवावे लागतात. लेझरचीही साधारण तीन-चार सिटिंग्ज लागतात, मध्ये महिना-दीड महिना सोडून. नवं कोलॅजेन तयार होण्याचं काम तीन ते सहा महिने चालतं, म्हणून खरा फरक तेव्हाच मोजायचा. आणि तो फरक म्हणजे खड्डे उथळ होणं. सपाट होण्याची हमी कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. चौथ्या दिवशीच्या फोटोत गाल भरलेले दिसतात, कारण चेहरा सुजलेला असतो. मेसेजमधला ‘नंतरचा’ फोटो कितव्या दिवसाचा, हे कुणी लिहीत नाही.

आता तारखा मांडून बघू. लग्न डिसेंबरच्या मध्यात असेल तर शेवटचं सिटिंग उशिरात उशिरा सप्टेंबरात. चार सिटिंग्ज, मध्ये दीड-दीड महिना, म्हणजे पहिलं मे महिन्यात, ऐन उन्हात. उन्हानं आधीच रापलेल्या त्वचेवर शहाणा डॉक्टर लेझर चालवणार नाही. तो पावसाळ्यापर्यंत थांबवेल आणि सिटिंग कमी करेल. आठवड्याचा हिशेब कुठेच बसत नाही.

‘सावळ्या त्वचेला संरक्षण आहे, रंगही उजळतो.’

मेसेजमधली सगळ्यात धोकादायक ओळ ही, कारण ती अर्धी खरी आहे. मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त असलेली त्वचा उन्हात कमी भाजते, इथपर्यंत बरोबर. पण जखम किंवा दाह झाला की याच त्वचेतल्या रंगपेशी चवताळतात आणि जास्त रंग तयार करतात. मुरूम गेल्यावर मागे काळा डाग राहतो तो याचमुळे. १९७५ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी सुचवलेल्या वर्गवारीत त्वचेचे आज सहा प्रकार मानतात, अगदी गोऱ्यापासून अगदी गडदपर्यंत. आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात बसतात आणि लेझरनंतर काळवंडण्याचा धोका याच गटांत मोठा. ते लगेच दिसत नाही. चेहरा छान भरला असं वाटतं, लाली उतरते, आणि तीन-चार आठवड्यांनी गाल करडे दिसायला लागतात. बहुतेक वेळा हे डाग जातात, पण महिने घेतात. ज्यांना वांग आहे त्यांचा वांग लेझरच्या उष्णतेनं आणखी गडद होऊ शकतो. उलट खोल सोललेल्या त्वचेवर कधी कधी सहा महिने-वर्षानंतर पांढरट पट्टे उमटतात आणि ते बरेचदा कायमचे राहतात. ‘कायमचा उजळ’ म्हणायचंच असेल तर ते याला म्हणा.

म्हणून आपल्या त्वचेवर छिद्रं विरळ ठेवतात, ताकद जपून वापरतात, आधी कानाजवळ छोट्या जागेवर करून बघतात. नंतर ऊन टाळायचं. नुसते अतिनील किरणच नाही, साधा दृश्य प्रकाशही सावळ्या त्वचेला काळवंडवतो, म्हणून जखम भरल्यावर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी. त्वचा ओली असते त्या दिवसांत सनस्क्रीनही नको, सावलीत राहणं बरं. स्कूटरवर डोळ्यांपर्यंत घट्ट बांधलेला स्कार्फही त्या दिवसांत नको, तो घासतो आणि चिकटतो.

‘कोरफड, हळद, आणि खपल्या काढा.’

तिन्हीला नाही. उघड्या जखमेवर कुंडीतल्या कोरफडीचा गर म्हणजे जंतूंना आमंत्रण. हळदीच्या कार्यक्रमात तर एकाच वाटीत वीस जणांचे हात जातात. खपली ओढली की खालची नवी कातडी सोलली जाते आणि डाग किंवा नवा खड्डा पडतो. करायचं ते अगदी साधं: डॉक्टरांनी सांगितलेल्या सौम्य द्रवानं हलक्या हातानं धुणं आणि पेट्रोलियम जेलीचा जाड थर. ओलसर ठेवलेली जखम कोरड्या खपलीपेक्षा लवकर भरते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवून दिलं. आपल्याकडे अजून ‘हवा लागू दे, सुकू दे’ चालूच आहे.

मेसेज गाळतो त्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या. ओठांवर वारंवार बारीक फोडांचे पुंजके येत असतील तर आधी सांगावं. तो हर्पीस असतो आणि सोललेल्या चेहऱ्यावर पसरू शकतो, म्हणून विषाणूविरोधी गोळ्या आधीपासून देतात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्या थांबवल्या असतील, जखमेवर गाठीसारखा व्रण वाढण्याची सवय असेल, तर तेही सांगावं. दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू आला, ताप आला, तर फोटो पाठवत बसू नये, जाऊन दाखवावं. आणि काळे डाग दिसले म्हणून मेडिकलमधून ‘गोरं करणारी’ ट्यूब आणू नये. तिच्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. लावता लावता चेहरा गोरा वाटतो, थांबवलं की लाल होतो, पुरळ उठतं, आणि त्यातून बाहेर पडायला लेझरपेक्षा जास्त वेळ लागतो.

या मेसेजला उत्तर म्हणून आणखी एक फिरतो: ‘लेझरच्या किरणांनी कॅन्सर होतो.’ तोही चूक. हे एक्स-रे नव्हेत. अवरक्त प्रकाश पेशीतला डीएनए मोडत नाही, तो नुसती उष्णता देतो. त्या खोलीत भीती बाळगायचीच असेल तर डोळ्यांसाठी बाळगावी, कारण हाच किरण बुब्बुळाच्या पारदर्शक पडद्याला भाजू शकतो. तुमच्या डोळ्यांवर शील्ड, डॉक्टर आणि नर्सला त्याच लेझरसाठी बनवलेले चष्मे, आणि जळलेल्या कातडीचा धूर ओढून घेणारी नळी, एवढं तिथे दिसलं नाही तर टेबलावरून उठून घरी यावं.