नेताजी, पुन्हा एकदा
जानेवारी लागला की लॉ कॉलेज रोडवरच्या अमृततुल्यात कुणीतरी होतकरू दिग्दर्शक मला गाठतोच. "काका, नेताजी विमान अपघातात गेलेच नव्हते. फिल्म करतोय!" बरं बाबा. याच चौकशीसाठी सरकारने नेमलेले शाहनवाज समिती आणि खोसला आयोग म्हणतात अपघातातच गेले, मुखर्जी आयोग म्हणतो नाही, आणि तो अहवाल सरकारने २००६ साली फेटाळला. यातलं काय वाचलंस? बशीत चहा ओतत म्हणतो, "रील्स पाहिलेत ना!" अरे, शंका घे की, कोण नको म्हणतंय! पण त्या अपघाताच्या, म्हणजे १८ ऑगस्ट १९४५च्या आधीही हा माणूस जगला होता ना? आझाद हिंद सेनेतल्या बायकांच्या झाशीची राणी रेजिमेंटला अख्ख्या पटकथेत दीड मिनिट. आणि ज्याला काही जण वेषांतर केलेले नेताजीच मानतात, त्या गुमनामी बाबाला चाळीस! वर चहाचे पैसेही मीच दिले.