‘आधी जागा बघा, मग ॲड करा’ हा सल्ला चुकीचा आहे

जावाच्या मुलाखतीच्या तयारीचा एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय: ‘मर्यादित क्यूत टाकण्याआधी रिमेनिंगकपॅसिटी() शून्याहून जास्त आहे का बघा, मग ॲड() करा. मेथड थ्रेड-सेफ आहे, एक्सेप्शन येणारच नाही. यादी असेल तर तेवढी जागा बघून ॲडऑल() करा.’ (क्यू म्हणजे कामांची रांग; थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये इतरांसोबत एकाच वेळी चालणारा कामाचा धागा; रिमेनिंगकपॅसिटी() क्यूत किती जागा उरल्यात ते सांगते; थ्रेड-सेफ म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरली तरी न बिघडणारी; एक्सेप्शन म्हणजे चालू प्रोग्राममध्ये फेकली जाणारी चूक.) आता तो मेसेज आमच्या टीममधल्या नव्या मुलांच्या कोडात शिरलाय, म्हणून हे लिहावं लागतंय.

१०० जागांच्या ॲरेब्लॉकिंगक्यूत (जावातली ठरावीक जागांची क्यू) ९९ भरल्यात. दोन थ्रेड विचारतात, दोघांनाही उत्तर मिळतं १. पहिला ॲड करतो, दुसऱ्याला ‘क्यू फुल’ म्हणत इल्लीगलस्टेटएक्सेप्शन. रिमेनिंगकपॅसिटी() लॉक घेते, म्हणजे तेवढा वेळ इतर थ्रेडना थांबवते हे खरं, पण उत्तर देण्याआधी तो सोडते. तुमच्या हाती पडतो तो मघाचा आकडा. ब्लॉकिंगक्यूच्या (अशा क्यूंचा जावातला सामाईक इंटरफेस) अधिकृत जावाडॉकमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, याच मेथडखाली लिहिलंय: दुसरा थ्रेड तेवढ्यात काही टाकत किंवा काढत असू शकतो, त्यामुळे या आकड्यावरून टाकणं जमेल की नाही हे नेहमी सांगता येत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढं तरी वाचायचं होतं!

ॲडऑलचा सल्ला तर घातकच. जागा १०, यादी १०ची. मधल्या क्षणात दुसऱ्याने ३ टाकले. ॲडऑल एकेक करून टाकतं, म्हणून ७ आत जातात आणि आठव्याला एक्सेप्शन. आत गेलेले ७ परत निघत नाहीत. कोड ‘फसलं’ समजून पुन्हा दहाही पाठवतो, आणि सात ग्राहकांना तोच एसएमएस दोनदा जातो. पैसे वळते करण्याचं काम असेल तर विचारायलाच नको. सगळे एकत्रच जायला हवेत, तर अख्खी यादी हाच क्यूतला एक घटक करा.

‘जागा नसेल तर स्लीप करून पुन्हा बघा’ हेही त्या मेसेजमध्ये आहे. त्यासाठी पुट() आहे, जागा होईपर्यंत तोच थांबतो.

एक मान्य करायला हवं: टाकणारा थ्रेड एकच असेल तर तपासणी टिकते, कारण बाकीचे फक्त काढतात, जागा वाढतेच. पण उद्या कुणी दुसरा थ्रेड जोडला की संपलं. सिंक्रोनसक्यूत (काहीच न साठवता एका थ्रेडकडून थेट दुसऱ्याकडे देणारी क्यू) तर हा आकडा कायम ० असतो, म्हणजे या नियमाने तिथे काहीच जाणार नाही.

तपासणं आणि टाकणं एकाच लॉकखाली हवं असेल तर ऑफर() वापरा: जागा असेल तर टाकतो, नसेल तर फॉल्स देतो. थोडं थांबायचं असेल तर वेळ देऊन, उदाहरणार्थ २०० मिलीसेकंद. फॉल्स आलं तर काम नाकारायचं की बाजूला ठेवायचं, हे तिथेच लिहा. उत्तर न बघता पुढे गेलात तर काम गुपचूप हरवतं, लॉगमध्येही सापडत नाही.