क्लासची फी भरण्याआधी पोराचे डोळे तपासा

आज चौकात एका अकॅडमीचं भलंमोठं होर्डिंग पाहिलं. मागे सुखोई, पुढे काखेत हेल्मेट धरलेला कोवळा पोरगा आणि खाली ‘आठवीपासून फाउंडेशन बॅच, फायटर पायलट व्हा!’ डोकंच फिरलं.

माझा भाचा असल्याच एका ठिकाणी दोन वर्षं निवासी बॅचला होता. पोरगं जीव तोडून अभ्यास करायचं. एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीची, लेखी निघाली, एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखती-चाचण्यांचे, पाच दिवस पार पडले, रेकमेंड होऊन आला. ताईने पेढे वाटले. आणि मेडिकलला रंगीत ठिपक्यांचं ते पुस्तक समोर आलं. ज्या पानावर तुम्हाआम्हाला ७४ दिसतो, तिथे त्याला २१ दिसला. फ्लाइंगसाठी अनफिट!

अहो, हा रंगांधळेपणा बहुतेकदा जन्मजात असतो. चष्म्याच्या नंबरासारखा ऑपरेशनने जात नाही. नेत्रतज्ज्ञ पाच मिनिटांत सांगतात. दोन वर्षं फी मोजून घेणाऱ्यांपैकी एकालाही हे पुस्तक त्याच्यासमोर धरावंसं वाटलं नाही? क्लासने गणित पक्कं होतं, मान्य. पण गणिताने रंग दिसत नाहीत.

आणि फक्त डोळेच नाहीत. उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते हे सगळे सांगतात. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटरमध्येच हवी, मांडीची लांबी ६४ च्या वर नको, हे कोण सांगतं? कॉकपिटमध्ये बसायचंय, तिथे खुर्ची बदलून मिळत नाही. सीपीएसएस नावाची मशीनवरची चाचणी असते, डोळे-हात-पाय एकत्र चालतात का ते बघतात. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की पायलट होणं कायमचं संपलं. भाच्याला हेसुद्धा तिथे गेल्यावर दुसऱ्या मुलांकडून कळलं.

पोरांनो, राग तुमच्यावर नाही रे. स्वप्न बघाच. पोरींनो, तुम्हीही, २०२२ पासून खडकवासल्याचं दार तुम्हालाही उघडलंय. अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स तिन्ही घ्या, नीटच्या नादात मॅथ्स सोडू नका. एनडीए हुकलं तर पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा आहे. आणि दहावीनंतर तयारीच करायची तर छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची एसपीआय ही एनडीएची तयारी करून घेणारी संस्था १९७७ पासून आहे, मुलींसाठी नाशिकला आहे. त्यांची होर्डिंगं लागत नाहीत म्हणून कुणाला माहीत नसतं.

भाचा आता इंजिनिअरिंगला आहे. बरा आहे. परवा एवढंच म्हणाला, “मावशी, आठवीतच कळलं असतं तर चाललं असतं गं.” मला उत्तर देता आलं नाही.

आईबापांनो, या आठवड्यात पोराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि रंगांची तपासणी तोंडाने मागून घ्या, नुसता नंबर काढून परत येऊ नका. अकॅडमीत गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा: फी घेण्याआधी तुम्ही मुलांची मेडिकल करता का? नाही म्हणाले तर तिथूनच उठून या.