सोल्डर मारलेला जोड बोटीवर ‘जन्मात’ तुटत नाही?

पावसाळी बंदीत मच्छीमार बोटी किनाऱ्यावर ओढल्या की वायरिंगची कामं निघतात, आणि हा सल्ला फोनवरून फिरू लागतो: “वायरी पिळा, सोल्डर मारा, वर टेप गुंडाळा. जोड जन्मात तुटत नाही. दाबून बसवलेला जोड सैल पडतो, आणि टेप असली की पाण्याची भीती नाही.”

“जोड तुटत नाही.” बरोबर, जोड तुटत नाही, त्याच्या शेजारची वायर तुटते. वितळलेलं सोल्डर वायरीतल्या बारीक तारांमधून इन्सुलेशनच्या आत चढतं आणि तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. इंजिनाच्या थरथरीने वायर वाकते ती हा ताठ भाग संपतो तिथेच. एकेक तार तुटत जाते. वरून इन्सुलेशन शाबूत, त्यामुळे दोष दिसत नाही: तळातलं पाणी उपसणारा पंप बंद पडतो, वायर हलवली की चालतो, मग पुन्हा बंद. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं बोटीतल्या वायरिंगसाठीचं ई-११ मानक म्हणूनच सांगतं की जोडाचा भार एकट्या सोल्डरवर नको. बॅटरीच्या लगला (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीला) तेवढी अटींसह सूट आहे.

“दाबलेला जोड सैल पडतो.” हा जोड, म्हणजे क्रिम्प, धातूच्या छोट्या नळीत दोन्ही वायरींची टोकं घालून ती नळी चेपून करतात. साध्या पकडीने चेपलात तर सैल पडणारच. नळी चपटी होते, आत पोकळी राहते, तिथे खारी हवा शिरते. असा जोड ०.२ ओहमवर गेला आणि पंप ५ अँपिअर घेत असेल, तर १ व्होल्ट तिथेच जातो आणि ५ वॅट उष्णता त्या इवल्याशा नळीत साठते. रॅचेटवाली क्रिम्पिंग पक्कड मात्र पुरता दाब बसल्याशिवाय उघडतच नाही. त्याच मानकानुसार १४ गेजच्या (साधारण २ चौरस मिमीच्या) वायरीच्या जोडाने ३० पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलो ओढ, मिनिटभर सोसली पाहिजे.

“टेप असली की पाण्याची भीती नाही.” सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग हाच. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने टेपचा डिंक पातळ होतो, कडा उचलतात, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. तळातल्या पाण्यात पॉझिटिव्ह वायरीचं तांबं उघडं पडलं तर वीजप्रवाहच ते विरघळवतो. उरतो हिरवा लगदा. वर सिलिकॉन थापणाऱ्यांनी वास घ्यावा. व्हिनेगरसारखा येत असेल तर ते तांबं खातं.

मग करावं काय? जमलं तर मधे जोडच नको, पॅनलपासून पंपापर्यंत अखंड वायर टाका. जोड द्यावाच लागला तर कथलाचा मुलामा असलेली बहुतारी वायर आणि आतून गोंद असलेला हीट-श्रिंक बट कनेक्टर घ्या, म्हणजे शेकल्यावर आवळणारं आवरण असलेली जोडनळी. १.५ ते २.५ चौरस मिमीच्या वायरीला निळा, ४ ते ६ ला पिवळा. जुनी वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. दोन फूट कापूनही काळीच निघाली तर ती अख्खी बदला. काळ्या तारेवर ना सोल्डर धरतं ना क्रिम्प.

टोक साधारण ८ मिमी सोला, एकही तार न तोडता. नळीच्या मधल्या अडथळ्यापर्यंत घाला, दाबा, दोन्ही बाजू जोराने ओढून बघा. पकडीचा जबडा हीट-श्रिंकसाठीचा, गुळगुळीत हवा. दातेरी जबड्याने वरचं आवरण फाटतं आणि गोंदाचा उपयोग संपतो. मग हॉट एअर गनने मधून टोकांकडे शेका. दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब बाहेर आला की थांबा. लायटर नको: आवरण एका बाजूला करपतं, दुसरीकडे कच्चं राहतं, आणि केबिनमध्ये गॅसचं सिलिंडर असतं.

जोड तळातल्या पाण्याच्या बराच वर ठेवा, त्याच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपने बांधा. वायरीला जोडाच्या खाली एक झोळ ठेवला की वरून ओघळणारं पाणी तिथूनच ठिबकून जातं.