अर्धी बाटली, पूर्ण गैरसमज

सुट्ट्या जवळ आल्या की कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक संदेश पुन्हा फिरू लागतो. विमानाने जाणाऱ्यांनी शॅम्पू, तेल, फेसवॉश वगैरे पुन्हा भरता येणाऱ्या छोट्या बाटल्यांत भरून नेण्याच्या भानगडीत पडू नये, असे त्याचे सांगणे असते. कारणे साधारण अशी दिलेली असतात: केबिनमध्ये न्यायची द्रवाची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी हा नियम विमानतळावरच्या दुकानांचा खप वाढावा म्हणून काढलेला आहे, मोठी बाटली अर्धी रिकामी करून नेली तरी चालते, लेबल नसलेली बाटली तपासणीत फेकून देतात, सामानाच्या कप्प्यात हवेचा दाब नसतो म्हणून बाटल्या फुटतात, तेव्हा त्या अर्ध्याच भराव्यात, चेक-इन बॅगेत काहीही आणि कितीही चालते, थिजलेले खोबरेल आणि उटणे यांना कोणताच नियम लागू नाही, बाटल्या न्यायच्याच असतील तर घरातल्या कोणत्याही रिकाम्या डबीत काहीही भरावे, आणि नव्या यंत्रांमुळे हा नियम आता तसाही रद्द झाला आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण सुरक्षेचा नियम आणि धोकादायक पदार्थांच्या वाहतुकीचा नियम या दोन निराळ्या गोष्टींची त्याने सरमिसळ केली आहे आणि वर भौतिकशास्त्र उलटे मांडले आहे.

दुकानांच्या खपाचा मुद्दा आधी घेऊ. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. अटलांटिक ओलांडणाऱ्या अनेक प्रवासी विमानांत, शीतपेयाच्या साध्या बाटल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेले द्रव स्फोटक भरून नेण्याचा तो बेत होता आणि २००९ साली लंडनच्या न्यायालयात त्यातील मुख्य आरोपी दोषी ठरले. कट उघड झाल्यावर ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानांच्या केबिनमध्ये जवळजवळ काहीच नेता येत नव्हते. तान्ह्या बाळाचे दूधसुद्धा सोबतच्या माणसाने चाखून दाखवल्याशिवाय आत जात नसे. पुढे सप्टेंबरअखेरीस अमेरिकेने आणि ६ नोव्हेंबर २००६ पासून युरोपीय संघाने १०० मिलिलिटरची मर्यादा आणली, ती या सरसकट बंदीत दिलेली सवलत म्हणून. दुकानांना या नियमाचा फायदा झाला हे नाकारण्याचे कारण नाही, पण एखाद्या गोष्टीचा कोणाला फायदा झाला म्हणून ती त्यानेच घडवली असे ठरत नाही.

अर्ध्या रिकाम्या मोठ्या बाटलीचा सल्ला सर्वांत जास्त लोकांना अडचणीत आणतो. नियम बाटलीत किती द्रव आहे हे पाहत नाही, बाटली किती द्रव मावण्याइतकी आहे हे पाहतो. दोनशे मिलिलिटरच्या बाटलीच्या तळाशी दोन चमचे शॅम्पू उरलेला असला तरी ती बाटली दोनशेचीच, आणि ती बाजूला काढली जाते. कारण अगदी व्यावहारिक आहे: पट्ट्यावरून सरकणाऱ्या शेकडो पिशव्यांमधल्या प्रत्येक बाटलीतला द्रव मोजत बसणे तपासनिसाला शक्य नसते, बाटलीवर छापलेला किंवा तिच्या बुडाशी उठावाने कोरलेला आकडा मात्र एका नजरेत दिसतो. म्हणूनच पुन्हा भरायच्या बाटल्या विकत घेताना रंग आणि आकार पाहण्याआधी बाटली उलटी करून बुडाशी १०० किंवा त्याहून कमी आकडा आहे ना, हे पाहावे. आकडाच नसलेली बाटली खरोखर नव्वद मिलिलिटरची असली तरी ते तपासणीच्या रांगेत सिद्ध करता येत नाही. यालाच जोडून आणखी एक अट आहे आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. या सगळ्या बाटल्या मिळून साधारण एक लिटर मावेल अशा एकाच पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत बसाव्या लागतात, आणि ती पिशवी न ताणता बंद व्हावी लागते. शंभरच्या दहा बाटल्यांची बेरीज कागदावर एक लिटर होते, पिशवीत मात्र त्या मावत नाहीत. त्यामुळे ३० आणि ५० मिलिलिटरच्या बाटल्या अधिक उपयोगी पडतात. आठवडाभराच्या प्रवासात फेसवॉश ३० मिलिलिटरपेक्षा क्वचितच जास्त लागतो.

लेबल नसलेली बाटली फेकून देतात, हे खरे नाही. अमेरिका किंवा युरोपच्या नियमांत मूळ वेष्टनाची अट प्रसाधनांसाठी नाही. तपासनिसाला शंका आली तर तो बाटली उघडायला सांगू शकतो आणि अंतिम निर्णय त्याचाच असतो, हे मात्र खरे. पांढऱ्या पट्टीवर ‘शॅम्पू’, ‘तेल’ असे लिहून चिकटवले तर निदान आपला गोंधळ तरी होत नाही. अंधाऱ्या हॉटेलच्या न्हाणीघरात कंडिशनर आणि बॉडी लोशन यांतला फरक हाताला कळत नाही.

भारतातल्या भारतात उडताना हा नियम आंतरराष्ट्रीय उड्डाणाइतका काटेकोर नसतो, पाण्याची बाटलीही बरोबर नेता येते, आणि त्यातूनच ‘आम्ही तर नेहमी नेतो, कोणी विचारत नाही’ हा अनुभव तयार होतो. तो खोटा नाही, पण नागपूरहून मुंबईमार्गे लंडनला जाणाऱ्या माणसाला तो लागू नाही, कारण मुंबईत आंतरराष्ट्रीय विमानाकडे जाताना त्याच्या हातातल्या बॅगेची तपासणी आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या नियमाने होते.

आता दाबाचा मुद्दा, आणि इथे जरा थांबायला हवे, कारण गळतीचा खरा उलगडा इथेच आहे. प्रवासी विमानाच्या सामानाच्या कप्प्यात दाब नसतो, ही समजूत चुकीची आहे. केबिन आणि खालचा कप्पा एकाच दाबबंद कवचाच्या आत असतात आणि दोन्हीकडे दाब जवळपास सारखाच असतो. म्हणजे जी बाटली चेक-इन बॅगेत गळते, ती डोक्यावरच्या कप्प्यातही गळली असती. फक्त हा दाब जमिनीवरच्या दाबाइतका नसतो. विमान ३५ हजार फुटांवर असताना आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा राखला जातो. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. आपण खिडकीशी बसून चहा पीत असतो तेव्हा हवेच्या हिशेबाने महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्याही वर असतो. महाबळेश्वरला पोचेपर्यंत वेफर्सचे पाकीट टम्म फुगलेले असते, ते याच कारणाने.

आठ हजार फुटांवरचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो, म्हणून बंद बाटलीतली हवा एक तृतीयांशाने वाढू पाहते. द्रव असा वाढत नाही, हवा वाढते. शंभर मिलिलिटरची बाटली अर्धी भरली तर आत ५० मिलिलिटर हवा असते आणि तिला जवळपास १७ मिलिलिटर जास्तीची जागा हवी असते. तीच बाटली नव्वदपर्यंत भरली तर हवा १० मिलिलिटर आणि जास्तीची मागणी साडेतीन मिलिलिटरच्या आसपास. बॅगेत बाटली आडवी किंवा उलटी पडलेली असेल तर ही फुगलेली हवा स्वतः बाहेर पडण्याऐवजी झाकणाशी असलेला शॅम्पू बाहेर ढकलते. ‘अर्धीच भरा, म्हणजे जागा राहील’ हा सल्ला म्हणजे गळतीचीच सोय आहे. अत्तराच्या फवाऱ्यात तर द्रवात बुडालेली नळी असते, तेव्हा वर कोंडलेली हवा द्रवाला थेट त्या नळीतून वर चढवते. अर्धी संपलेली अत्तराची कुपी प्रवासात कपड्यांना वास का लावते, याचे उत्तर त्या नळीत आहे.

उपाय सोपा आहे आणि मऊ बाटलीतच तो जमतो. बाटली मानेच्या किंचित खालपर्यंत भरावी, मग दोन बोटांनी तिच्या कुशी हलक्या दाबून द्रव तोंडाशी आणावा आणि तशीच दाबून धरलेली असताना झाकण फिरवावे. बाटली थोडी चेपलेली दिसते. हवा वर गेल्यावर फुगली तर तिला तेवढीच जागा मिळते. झाकण लावण्यापूर्वी तोंडावर पॉलिथिनचा छोटा तुकडा ठेवला तर आट्यांच्या फटीही बुजतात. टिचकीने उघडणाऱ्या झाकणांवर मात्र भरवसा ठेवू नये. त्यांच्या चोचीत वाळलेल्या साबणाचा थर साचतो, झाकण बसल्यासारखे वाटते आणि बसलेले नसते. वरून चिकटपट्टी गुंडाळण्याने झाकण उघडत नाही एवढेच, आतून ढकलला जाणारा द्रव पट्टीच्या कडेने वाट काढतोच.

चेक-इन बॅगेत काहीही आणि कितीही चालते, या वाक्यात दुसरा नियम विसरला आहे. शंभर मिलिलिटरची मर्यादा तिथे नसते हे बरोबर. पण धोकादायक पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अत्तर, हेअर स्प्रे, नेलपॉलिश रिमूव्हर, अल्कोहोल असलेली औषधे अशा वस्तू एका प्रवाशामागे केबिन आणि चेक-इन मिळून एकूण २ किलो किंवा २ लिटरपर्यंतच नेता येतात आणि त्यातली एकेक वस्तू ५०० मिलिलिटर किंवा ५०० ग्रॅमपेक्षा मोठी असून चालत नाही. फवाऱ्याच्या डब्याच्या तोंडावर टोपण असावे लागते. नातेवाइकांसाठी स्प्रेचे बॉक्सच्या बॉक्स नेणाऱ्यांना ही मर्यादा फार लवकर गाठते.

खोबरेल तेलाबद्दलचा युक्तिवाद गमतीचा आहे. थंडीत ते थिजते, मग ते द्रव कसे, असे संदेश विचारतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होते, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरात घट्ट आणि मुंबईच्या विमानतळापर्यंतच्या टॅक्सीत पातळ. तपासणीच्या नियमांत द्रवाबरोबर लेप, जेल, मलम हेही मोजले जातात. टूथपेस्टही त्यातच येते. त्यामुळे थिजलेले खोबरेलही शंभरच्या बाटलीतच न्यावे, आणि बाटली अरुंद तोंडाची नको, नाहीतर शिकागोच्या जानेवारीत तेल आतच अडकून बसेल. सुक्या खोबऱ्याची वाटी किंवा गोटा ही त्याहून वेगळी गोष्ट आहे: त्यात तेल भरपूर असल्याने ते ज्वलनशील मानले जाते आणि विमानाच्या सामानात ते नेऊ देत नाहीत. उटणे आणि शिकेकाई पावडर द्रव नाहीत हे मान्य, पण अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत केबिन बॅगेतल्या ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडरीची २०१८ पासून वेगळी तपासणी होते आणि ती काय आहे हे ठरवता आले नाही तर ती केबिनमध्ये जात नाही. दिवाळीसाठी मोठे पुडे नेणाऱ्यांनी ते सरळ चेक-इन बॅगेत टाकावेत.

‘कोणत्याही डबीत काहीही भरा’ हा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, काही बाबतींत घातक आहे. कॉन्टॅक्ट लेन्सचे द्रावण निर्जंतुक असते आणि ते छोट्या प्रवासी बाटलीत ओतले की ती निर्जंतुकता जाते. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन असे न करण्याची स्पष्ट सूचना देते, कारण परिणाम थेट बुबुळाच्या संसर्गापर्यंत जाऊ शकतो. त्या द्रावणाच्या छोट्या सीलबंद बाटल्या मिळतात, त्याच घ्याव्यात. औषधेही मूळ बाटलीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. प्रवासात लागणाऱ्या द्रव औषधांना आणि बाळाच्या आहाराला शंभरच्या मर्यादेतून सूट आहे, फक्त ती तपासणीला वेगळी काढून दाखवावी लागतात. इन्सुलिन तर चेक-इन बॅगेत टाकूच नये, ते गोठले की निकामी होते.

प्रसाधनांतही बाटलीचा कस पाहावा लागतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधले अ‍ॅसिटोन स्वस्त, काचेसारख्या चकचकीत दिसणाऱ्या पॉलिस्टायरिनच्या डब्या विरघळवते. सिलिकॉनच्या मऊ बाटल्या शॅम्पूला उत्तम, पण केसांच्या बऱ्याच सीरममध्ये सिलिकॉन तेलच असते आणि त्याने बाटलीची भिंत फुगून चिकट होते. शिवाय सिलिकॉन वास धरून ठेवते, म्हणून तेलाच्या बाटलीत पुढच्या वेळी फेसवॉश भरू नये. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असेल तर ते प्लॅस्टिक बहुतेक प्रसाधनांना मानवते. शॅम्पू संपत आला की पाणी घालून पुरवायची सवय घरोघरी आहे. प्रवासी बाटलीत ती मोडावी, कारण पाण्याने त्यातली जंतुरोधक द्रव्ये पातळ होतात आणि बंद, ओलसर बाटलीत जंतू वाढायला वाव मिळतो. जुन्या उरलेल्यावर नवे ओतण्यापेक्षा बाटली गरम पाण्याने धुऊन, झाकण काढून, पूर्ण वाळवून भरावी. एवढा खटाटोप नको असेल त्याने किराणा दुकानातल्या माळेतली शॅम्पूची चार पाकिटे तोडून न्यावीत. कचरा वाढतो, पण दोन दिवसांच्या दौऱ्याला ती पुरतात, असे माझे मत.

राहिला नियम रद्द झाल्याचा दावा. सामानाचे त्रिमितीय चित्र दाखवणारी नवी यंत्रे काही विमानतळांवर आली आहेत आणि एडिनबरोने जुलै २०२५ पासून दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या नेऊ द्यायला सुरुवात केली, हे खरे. पण सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने नवी यंत्रे असलेल्या विमानतळांवरही शंभरची मर्यादा पुन्हा लागू केली होती, म्हणजे सवलत आली तशी परतही जाऊ शकते. शिवाय एका विमानतळाची सवलत पुढच्या विमानतळाला बांधून घेत नाही: वाटेत विमान बदलताना हातातल्या बॅगेची पुन्हा तपासणी झाली तर तिथला नियम चालतो, आणि एडिनबरोत बिनधास्त घेतलेली पाचशे मिलिलिटरची बाटली तिथे कचऱ्याच्या डब्यात जाऊ शकते. बाटली निवडताना पाहायचे ते प्रवासातल्या सर्वांत कडक तपासणीकडे, आणि ती परतीच्या वाटेवरही असू शकते.